पोरं अठराची होतात तेव्हा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ग्रामसंघाच्या सचिवताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गावांतल्या ताईंनी मागितलं म्हणून या अंकात देत आहोत.)

मागच्यांना आवाज येत नसेल तर हात वर करा.

मला सांगितलं, ताई, तुम्ही 'तरुण पिढी आणि नागरिकत्व' यावर बोला. विषय ऐकूनच मला घाम फुटला. मी सातवी शिकलेली. आमच्या पुस्तकात इतिहासाच्या मागं नागरिकशास्त्र जोडलेलं असायचं, तेवढंच मला माहीत. तिथं लिहिलेलं होतं की कायद्यापुढं सगळे सारखे. ते मी पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क पण मिळाले. मग म्हणलं, पुस्तकातलं जाऊ द्या. आपल्या गावात पोरं अठराची होतात तेव्हा कुणाचं काय होतं ते मी पाहिलंय. तेवढंच सांगते.

सुरुवात माझ्या घरापासून करते, कारण दुसऱ्याच्या घरात डोकावायच्या आधी आपलं दार उघडावं.

आमच्या घरात २०१८ साली दोघं जण अठराचे झाले. माझी धाकटी मुलगी आणि माझ्या दिरांचा मुलगा. दोघांची शाळेतली जन्मतारीख एकच, १ जून. हसू नका, तुमच्या घरात पण दोन-तीन १ जूनवाले असतील. गुरुजींनी टाकलेली तारीख आहे ती.

पुतण्याला दिरांनी गाडीवर बसवलं आणि तहसीलला नेलं. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लायसन, सगळं एका दमात. आमचा समाज ओबीसीत येतो. जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी आपली माणसं महाराष्ट्रात राहत होती याचा पुरावा लागतो. आमच्या सासऱ्यांची शाळेची टीसी पत्र्याच्या पेटीत होती, घडीवर फाटलेली, पण होती. तलाठी भाऊसाहेब दिरांच्या ओळखीचे. दोन महिन्यांत पोराच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद. मतदार यादीत नाव पण लागलं.

त्याच दिवसांत बीएलओ आमच्या दारात आले. त्यांनी विचारलं, "ताई, मुलगी पण अठराची झाली ना? तिचा पण फॉर्म भरू?"

मी काय म्हणाले असेन? मी, बारा वर्षं गटाचं प्रोसिडिंग लिहिणारी, महिलादिनाला भाषण करणारी बाई. मी म्हणाले, "राहू द्या हो. वर्षा-दोन वर्षांत लग्न होईल. तिकडं घालतील तिचं नाव."

पोरगी आत पीठ मळत होती. तिनं ऐकलं. काही बोलली नाही.

२०१९ च्या एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान झालं. पुतण्यानं शाई लावलेल्या बोटाचा फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. पोरीनं तो मला दाखवला आणि एवढंच म्हणाली, "मला पण पाहिजे होती शाई."

मी म्हणाले, "पुढच्या वेळेला." आईचं 'पुढच्या वेळेला' म्हणजे काय ते लेकीला कळतं.

२०२० च्या डिसेंबरमध्ये लग्न झालं. रिवाजाप्रमाणे आमच्या रेशनकार्डावरून तिचं नाव कमी केलं. नाव कमी केल्याचा दाखला तिच्या पर्समध्ये दिला, म्हणजे सासरी नाव चढवता येईल. तो दाखला पर्समध्येच राहिला. सासरचे लोक वाईट नाहीत हो. पण कुणाला घाई नव्हती. जावई कामाला बाहेर, सासरे म्हणायचे बघू पुढच्या आठवड्यात, तहसीलला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. सून म्हणून सकाळी पाचला उठून सगळ्या घराच्या भाकरी करते, पण सरकारच्या कागदावर त्या घरात ती राहतच नव्हती. आमच्या कागदावरून निघाली होती आणि त्यांच्या कागदावर पोचली नव्हती.

हे आम्हाला कळलं कधी? २०२४ च्या जुलैमध्ये. लाडकी बहीण योजना आली तेव्हा. तुम्हाला आठवत असतील त्या रांगा. सेतू केंद्रापासून बसस्टँडपर्यंत. मला त्या रांगांत एक गोष्ट दिसली, ती पैशापेक्षा मोठी होती. गावोगावच्या तरण्या सुना पहिल्यांदाच आपले कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांना कळत होतं की आपलं नाव कुठं कुठं नाही. आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, रेशनकार्डावर काहीच नाही.

माझ्या पोरीचा फोन आला. "आई, मतदान कार्ड नाही, रेशनकार्डावर नाव नाही. माझा शाळा सोडल्याचा दाखला आपल्या पेटीत आहे का बघ." रहिवासी दाखला नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला चालेल असं तेव्हा सरकारनं सांगितलं होतं. तो दाखला माझ्याकडंच होता. पेटीत, आजेसासऱ्याच्या, सासऱ्याच्या आणि पुतण्याच्या कागदांच्या खाली. मी पहाटेच्या गाडीनं नेऊन दिला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिनं दीड वर्षाचं लेकरू कडेवर घेऊन दोन दिवस रांग लावली. फॉर्म भरला गेला, पैसे पण आले.

पण हिशोब करा. २०१८ ते २०२४. सहा वर्षं माझी शिकलेली, बारावी पास पोरगी कुठल्याच गावची मतदार नव्हती. कुठल्याच ग्रामसभेची सभासद नव्हती. हे कुठल्या साहेबानं केलं नाही. मी केलं.

आणि मला तर कळायला पाहिजे होतं. मतदानाचं वय आधी २१ होतं. घटनेत ६१ वी दुरुस्ती झाली आणि २८ मार्च १९८९ पासून ते १८ झालं. मी त्याच वर्षी अठराची झाले. पण मला ते कुणी सांगितलं नाही. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. १९९५ च्या विधानसभेला पहिल्यांदा मतदान केलं, आणि ते पण सासूबाईंनी सांगितलेल्या चिन्हावर. माझ्या आईनं जे माझ्या बाबतीत केलं तेच मी माझ्या लेकीच्या बाबतीत केलं, फक्त मला कायदा माहीत होता आणि आईला नव्हता.

आता घराबाहेर येते.

आपल्या डोंगरपट्ट्यातल्या गावांचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथं बसलेल्या निम्म्या बाया आत्ता उन्हाळ्यात दिसतात, दिवाळीनंतर दिसत नाहीत. कोयता घेऊन कारखान्यावर. उचल घेतलेली असते, मुकादमाचा ट्रक आला की लेकरं, भांडी, शेळी सगळं वर चढवायचं ते मार्च-एप्रिललाच उतरायचं.

आता बघा, सरकारचं कॅलेंडर आणि उसाचं कॅलेंडर कसं आहे. मतदार यादीचं मोठं काम दरवर्षी साधारण दिवाळीच्या पुढं-मागं निघतं. बीएलओ दारात येतात तेव्हा घराला कुलूप नाहीतर ओट्यावर म्हातारी. म्हातारी सांगते, "पोरगं तिकडं कारखान्याला." झालं. बारावीच्या परीक्षेचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे फॉर्म, हे पण त्याच्याच आसपास. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा आमची निम्मी वस्ती दोनशे किलोमीटरवर कोपीत झोपलेली असते. कुणी ठरवून केलंय असं मी म्हणत नाही. पण ज्यानं तारखा ठरवल्या त्याच्या घरातलं कुणी ऊस तोडायला जात नसणार एवढं नक्की.

मतदानाला मात्र आणतात. २०२१ च्या जानेवारीत ग्रामपंचायतीची मतदानं होती, तेव्हा फडात गाड्या आल्या. रात्री बसवलं, सकाळी मतदान, संध्याकाळी परत फडात. मत टाकायला गाडी येते. मत मांडायला गाडी येत नाही.

आणि तिथं पण पोराचं वेगळं, पोरीचं वेगळं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुलगा सतरा-अठराचा झाला की घरात बोलणं सुरू होतं, याचा कोयता पूर्ण करायला पाहिजे. म्हणजे लग्न. म्हणजे कुणाची तरी पोरगी. तिचं वय अठरा भरलंय का ते मग कोण बघतं? भरलं तरी अठराव्या वाढदिवसाला तिच्या हातात काय येतं, मतदान कार्ड का कोयता, ते तुम्हीच सांगा.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनं झालीय आणि ती फार जणींना माहीत नाही, म्हणून दोनदा सांगते. आधी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच त्या वर्षीच्या यादीत नाव यायचं. १ जानेवारी चुकली की वर्ष गेलं. २०२२ पासून तसं नाही. आता चार तारखा आहेत. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. आणि सतरा पूर्ण झाले की आधीच फॉर्म भरून ठेवता येतो. म्हणजे आपली तोडीवरून आलेली पोरं आत्ता, या महिन्यात, फॉर्म क्रमांक ६ भरू शकतात. दिवाळीची वाट बघायची नाही. लग्न होऊन सून आली असेल आणि तिचं नाव माहेरच्या यादीत असेल तर फॉर्म क्रमांक ८. तिचं नाव उठवून इकडं आणायला नवीन नोंदणी लागत नाही. ते चार आणि दोन आकडे वहीत लिहून घ्या.

लिहिलं? बरं.

तिसरी गोष्ट सांगताना मला जरा त्रास होतो.

आमच्या गावाच्या शिवेवर गायरानात दहा-बारा घरं आहेत. घरं म्हणजे पत्रा आणि ताडपत्री. भटक्या समाजातली माणसं. आधी पालं घेऊन फिरायची, आता पंधरा-सोळा वर्षं झाली एका जागी राहतात. त्यांच्यातली एक पोरगी दहावीला बासष्ट टक्क्यांनी पास झाली. त्या वस्तीतली पहिली. पुढं कॉलेजला जायचं, तर जातीचा दाखला पाहिजे. त्यांच्यासाठी तारीख आहे २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेआधी घरातलं कुणीतरी महाराष्ट्रात राहत होतं याचा कागद आणा.

आता तुम्ही सांगा, जो माणूस आयुष्यभर या गावाहून त्या गावाला फिरला, तो एका गावात राहिल्याचा पुरावा कुठून आणणार? फिरत होता म्हणून तर त्याला भटका म्हणायचं, आणि भटका असल्याचा दाखला पाहिजे असेल तर एका जागी राहिल्याचा कागद मागायचा. आमच्या सासऱ्यांचा कागद पेटीत टिकला, कारण पेटी ठेवायला घर होतं.

ती पोरगी आणि तिचा बाप एका कार्यालयात सात वेळा गेले. कुठलं ते सांगत नाही, तिथली माणसं आता बदलली पण असतील. प्रत्येक वेळी एक नवीन कागद सांगायचे. ग्रामपंचायतीचा रहिवासी मागितला तर नमुना आठला घराची नोंद नाही, कारण गायरान. नोंद नाही म्हणून रहिवासी नाही, रहिवासी नाही म्हणून पुढचं काहीच नाही. आठव्या वेळेला बाप म्हणाला, पुरे. पोरीला भंगार वेचायला नेऊ लागला.

हे आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कसं आलं? त्यांच्यातली एक बाई आमच्या गटात आहे. तिनं हप्ता भरताना सहज सांगितलं. खरं सांगू का, दोन जणी म्हणाल्या, "आपल्याला काय करायचंय, त्यांचं ते बघतील." मी नावं सांगणार नाही. त्या इथंच बसल्यात आणि पुढं सगळ्यात जास्त त्याच फिरल्या.

पोरीच्या आजीशी बोलत बसलो तर ती म्हणाली, माझा मोठा दीर लहानपणी एका गावात शाळेत बसायचा, मास्तरांनी बळंच बसवला होता, पाऊसकाळात आम्ही तिथं थांबायचो. गावाचं नाव तिला नीट आठवेना. तीन गावं सांगितली. आम्ही तिन्ही गावच्या शाळांत गेलो. दोन ठिकाणी काही नाही. तिसऱ्या शाळेत मुख्याध्यापक बाई होत्या. त्यांनी कपाटातून जुनी जनरल रजिस्टरं काढून दिली. म्हणाल्या, बसा आणि शोधा. कडा वाळवीनं खाल्लेल्या. दुपारी दीड वाजता नाव सापडलं. १९५८ सालची नोंद. नाव, वडलांचं नाव, आणि जातीच्या रकान्यात जात. तीन महिने शाळेत गेलेलं लेकरू ते. त्या तीन महिन्यांवर साठ-पासष्ट वर्षांनी नातीला दाखला मिळाला.

पण एक वर्ष वाया गेलंच. ते कुणी भरून देत नाही.

तिच्याच बापाला मी विचारलं, तुमचं मतदान कुठं आहे? तो म्हणाला, आम्हाला घर नंबर नाही, आमचं नाव कसं लागणार. बायांनो, हे चूक आहे. घर नसलं तरी मतदार यादीत नाव लागतं. ज्यांना घर नाही त्यांच्याकडून पत्त्याचा कागद मागायचा नाही असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. ते माणूस जिथं झोपतं तिथं बीएलओनं रात्री जाऊन बघायचं, एकदा नाही, दोन-तीनदा, आणि खात्री झाली की नाव घ्यायचं. तुमच्या गावाच्या कडेला पालं असतील, वीटभट्टी असेल, तर तिथं जाऊन हे सांगा.

कार्यालयात जाताना अजून एक. अर्ज दिला की पोच घ्यायची. तोंडी 'या पुढच्या आठवड्यात' यावर परत यायचं नाही. २०१५ साली आपल्या राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा त्याचा तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला पाहिजे. दिवस उलटले, किंवा उगाच नाकारलं, तर त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडं अपील करता येतं, आणि चूक ठरली तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारापर्यंत दंड होऊ शकतो. पोच नसेल तर यातलं काहीच करता येत नाही. त्या पोरीच्या बापाकडं सात फेऱ्यांची एक पण पोच नव्हती. दिरांनी पण कधी पोच घेतली नव्हती म्हणा. त्यांना गरज पडली नाही. त्यांना बसायला खुर्ची मिळायची.

आता ग्रामसभेचं सांगते.

दोन वर्षांपूर्वीची १५ ऑगस्टची ग्रामसभा. कुठल्या गावची ते राहू द्या. बौद्ध वस्तीतली एक मुलगी उठली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं कागदावर लिहून आणलं होतं. वस्तीत नळाची पाइपलाइन आली, तोट्या बसल्या, फोटो काढून झाले, पण आठ महिन्यांत पाणी आलं नाही, याचं कारण काय आणि काम पूर्ण झाल्याची सही कुणी केली. एवढाच प्रश्न. नीट, हळू आवाजात.

पुढच्या ओळीतून आवाज आला, "ए पोरी, बस खाली. तुझ्या बापाला बोलू दे."

तिचा बाप मागं उभा होता. ज्यानं 'बस' म्हणलं त्याच्याच शेतावर तो सालगडी. तो काय बोलणार? त्यानं मान खाली घातली. पोरगी बसली. कागदाची घडी केली.

त्यानंतर गावातल्या एका बड्या घरचा मुलगा उठला. तिच्याच वर्गात होता तो, कॉलेजला एकाच गाडीनं जायचे. त्याच्या हातात माइक दिला. तो क्रिकेटच्या मैदानावर पंधरा मिनिटं बोलला. मैदान पाहिजेच, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला कुणी म्हणालं नाही की तुझ्या बापाला बोलू दे.

दोघांचं वय सारखं. दोघांचं नाव एकाच यादीत, पाच-पन्नास नावांच्या अंतरानं. ग्रामसभा म्हणजे कोण, तर गावच्या मतदार यादीत नाव असलेलं प्रत्येक माणूस. सरपंचाला जेवढा बसायचा हक्क तेवढाच त्या मुलीला. आणि आम्ही? अकरा जणी गटाच्या साड्या नेसून तिथं बसलो होतो. माझ्या मांडीवर वही होती. मी त्यात लिहिलं, 'विविध विषयांवर चर्चा झाली.'

नंतर कधीतरी माझ्या पोरीनं मला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजाची मुलगी. चौदा वर्षांची होती. मांग-महारांना काय सोसावं लागतं यावर तिनं निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. पेशवाई जाऊन पस्तीस-सदतीस वर्षं झाली होती फक्त. त्या काळात चौदा वर्षांची पोर बोलली आणि छापलं गेलं. आमच्याकडं एकोणीस वर्षांची बोलली आणि खाली बसवली. मला त्या रात्री झोप आली नाही.

बाबासाहेबांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले होते की २६ जानेवारीपासून राजकारणात आपण समान होऊ, प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताचं मोल सारखं; पण समाजात आणि पैशाअडक्यात असमानता तशीच राहील, आणि हा विरोध फार दिवस चालू ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल. मोठं भाषण आहे. मला त्यातलं एवढंच समजलं, की मत सारखं असून भागत नाही, उभं राहिल्यावर बोलू दिलं पाहिजे.

मग आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे कायद्यातच आहे. ती कागदावर होते, तुमच्याकडं पण होत असेल, सह्या घरी येऊन घेतात. २ ऑक्टोबरच्या आधीची महिला सभा आम्ही खरोखर घेतली. बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरात घेतली. त्या मुलीला तोच कागद वाचायला सांगितला. तिनं आधी नको म्हणलं. आईनं पण नको म्हणलं. आई म्हणाली, "तुम्ही जाल घरी, आम्हाला त्याच रानात कामाला जायचंय." तिचं खरं होतं. म्हणून ठरवलं की प्रश्न तिच्या एकटीच्या नावानं जाणार नाही. तिनं लिहिला, त्रेचाळीस जणींनी सह्या केल्या, आणि ठराव म्हणून ग्रामसेवकांना दिला. पोच घेतली. २ ऑक्टोबरला तो ठराव वाचावाच लागला.

पाणी आलं का? दोन गल्ल्यांत आलं. तिसरीत अजून नाही. ती मुलगी आता पुण्याला कंपनीत आहे, फोनवर विचारत असते, तिसरी गल्ली झाली का म्हणून.

एक शेवटचं, आणि हे आपल्या स्वतःच्या वह्यांतलं. ही सभा ठरली तेव्हा मी आमच्या गटाचं कर्ज रजिस्टर काढून बसले. मागच्या पाच वर्षांत पोरांच्या गाडीसाठी आम्ही सात कर्जं दिली. कारण 'शेतीसाठी' असं लिहिलं, पण गाड्या सगळ्यांनी बघितल्यात. पोरीच्या शिक्षणासाठी दोन मागण्या आल्या. एक मंजूर केली, एक पुढच्या बैठकीवर ढकलली. ती पुढची बैठक झालीच नाही. गाडी असली की पोरगं तहसीलला जातं, सेतूला जातं, ग्रामसभेला येतं. पोरगी बसची वाट बघते. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण गाडीच दिवसातून दोनदा येत असेल तर फुकट पासवर बसून कुठं जायचं? मी गाडीचं कर्ज देऊ नका म्हणत नाही. घरात आलेली गाडी पोरीला पण चालवायला शिकवणार का, एवढं कर्ज देताना विचारा. आम्ही मागच्या महिन्यापासून विचारतोय. एका घरात भांडण झालं. दुसऱ्या घरातली पोरगी परवा स्वतः गाडीवर बसून बँकेत आली.

आणि आपल्या गटांत पंचविशीच्या आतल्या किती जणी आहेत? आमच्या ग्रामसंघात एकशे बावन्न सभासद, त्यात पंचविशीच्या आतल्या चार. सुनेला गटात घ्या म्हणलं की सासू म्हणते, मी आहे ना. मी पण सासू आहे. मी पण असंच म्हणायची.

माझ्या पोरीचं नाव मागच्या वर्षी सासरच्या यादीत आलं. तिनं स्वतः मोबाइलवर फॉर्म भरला. नावात 'वैशाली' च्या जागी काय छापून आलंय ते सांगत नाही, फॉर्म ८ भरून दुरुस्तीला टाकलंय. नोव्हेंबरला तिनं पहिलं मतदान केलं. चोवीसाव्या वर्षी. माझं पण पहिलं मतदान चोवीसाव्या वर्षीच झालं होतं. बोटाचा फोटो तिनं मला पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

तर जेवणाला जायच्या आधी. मंडपाच्या दाराशी टेबलावर एक रजिस्टर ठेवलंय. प्रत्येक ग्रामसंघासाठी दोन पानं. तुमच्या गावात सतरा ते एकवीस वयाची पोरं-पोरी कोण कोण, नव्या सुना कोण, पालावर आणि वीटभट्टीवर कोण, हे आठवतील तेवढं लिहा. यादीत नाव आहे का, रेशनकार्डावर आहे का, जातीचा दाखला आहे का, असे तीन रकाने आहेत. माहीत नसेल तर रकाना कोरा सोडा, अंदाजानं बरोबरची खूण करू नका. १ जुलैच्या आधी सीआरपी ताई ती पानं घेऊन तुमच्या गावात येतील. पेन दोरीनं बांधलंय, मागच्या वेळेला तीन पेनं गेली.